मनी तिरोडकरचे कंपाउंडर

आमच्या बिल्डिंगमध्ये डॉक्टरांचं अक्षर वाचता येणारा एकच माणूस होता, आणि त्याला ते वाचून दाखवायला मनापासून आवडायचं. अर्थ मात्र सांगायचा नाही. तिरोडकर काकांकडे चिठ्ठी नेली की ते कपाळावरचा चष्मा नाकावर घ्यायचे, चिठ्ठी खिडकीच्या उजेडात धरायचे आणि गोळीचं नाव, किती मिलिग्रॅम, दिवसातून किती वेळा, सगळं खणखणीत आवाजात वाचायचे. "पण काका, ही गोळी कशावरची?" असं विचारलं की चष्मा परत कपाळावर. "ते डॉक्टरांना विचारा. मी कंपाउंडर."

निवृत्त होऊन सहा-सात वर्षं झाली तरी ते "होतो" म्हणायचे नाहीत. ठाण्याला नौपाड्यातल्या एका जुन्या दवाखान्यात त्यांनी चाळीस वर्षं काढली. आत डॉक्टर तपासायचे आणि बाहेर लाकडी खिडकीमागे काका उभे असायचे. लाल आणि पिवळी औषधं बाटल्यांत ओतायची, बाटलीवर डोसाची कातरलेली कागदी पट्टी चिकटवायची, पांढरी पावडर कागदाच्या चौकोनांवर सारख्या वाट्यांनी मांडून पुड्या बांधायच्या. पुढे डॉक्टर वारले. मुलाने तिथे काचेचं दार आणि एसी बसवला, खिडकी बंद केली आणि काकांना शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं एक घड्याळ दिलं. ते घड्याळ रोज पाच मिनिटं पुढे जायचं. काका म्हणायचे, "नवीन दवाखान्याचं आहे, घाईत असणारच."

कोपर स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवरच्या आमच्या बिल्डिंगमध्ये ते तिसऱ्या मजल्यावर, माझ्या समोरच्या दारात राहायचे. काकू जाऊन चार वर्षं झाली होती. मुलगी मेधा पुण्याला. इतक्या वर्षांच्या नोकरीने माणसाच्या हाताचं काय होतं ते त्यांच्याकडे चहाला गेल्यावर कळायचं. दुधाची पिशवी कापण्याआधी ते ती नीट हलवून घ्यायचे. खोबरेल तेल ओतण्याआधी बाटली हलवायचे. गणपतीत पंचखाद्य पुड्या बांधून वाटायचे, आणि त्या इतक्या एकसारख्या असायच्या की मुलं उघडायला बिचकायची. एकदा मी वाटीभर साखर मागायला गेले तर साखर पुडीतून मिळाली, वर तोंडी सूचना, "चहातून."

माझ्या सासूबाईंना एकदा ताप भरला तेव्हा मी घाबरून काकांना बोलावलं. त्यांनी कपाळावर हात ठेवला, मनगट धरून घड्याळाकडे बघितलं, जीभ बघितली. सगळं डॉक्टरांसारखंच.

"ताप आहे का हो?" सासूबाईंनी विचारलं.

"थर्मामीटर लावा."

"अहो, तुमचा हात आहे ना माझ्या कपाळावर?"

"हात काय, काहीही सांगेल. आकडा कागदावर पाहिजे."

"बरी होईन ना पण मी?"

काका उठले आणि म्हणाले, "डॉक्टरांना विचारा." सासूबाई दोन दिवसांत बऱ्या झाल्या, पण काकांवर कायमच्या रुसल्या. त्यांचं म्हणणं होतं की शेजाऱ्याने खोटं का होईना, दोन शब्द बोलायला काही पैसे पडत नाहीत. मलाही त्या वेळी तसंच वाटलं होतं.

असा हा माणूस एका मांजराच्या भानगडीत पडला, तो तत्त्वापायी पडला. कुणी त्यांना प्राणिप्रेमी म्हणालं असतं तर त्यांनी चिठ्ठी मागितली असती.

दोन वर्षांपूर्वी, गणपतीच्या थोडं आधी, जिन्याखाली मीटरच्या पेटीपाशी एक मांजर येऊन पडली. करड्या रंगाची, हाडांची मोळी. दोन्ही डोळे चिकटून बंद, नाक वाहतंय, श्वासाचा घरघर आवाज. आम्ही तीन-चारजणी भोवती उभ्या राहून हळहळत होतो. हळहळण्यात आमची बिल्डिंग कधी मागे नसते. तेवढ्यात काका भाजी घेऊन आले.

"ही कोणाची?"

"कोणाची असणार? रस्त्यावरची आहे," तळमजल्यावरच्या सावंत वहिनी म्हणाल्या.

"मग केसपेपर कोणाच्या नावाने काढायचा?"

केसपेपर काढायचा असतो हे आम्हाला कुणालाच सुचलं नव्हतं. सावंत वहिनींना मात्र उपाय सुचला होता. त्यांनी घरातून तापाची गोळी आणली. "पाव तुकडा दुधातून घालूया. आमच्या नातवाला हीच देतो."

"कोणी लिहून दिलीय?" काकांनी विचारलं.

"अहो काका, मांजराला कोण लिहून देणार?"

"मग मी देऊ देणार नाही."

ते पिशवी खाली ठेवून मांजर आणि वहिनी यांच्या मध्ये उभे राहिले. वहिनींनी गोळी परत नेली, बाकीच्याही आपापल्या कुकरकडे गेल्या, आणि काका मांजराबरोबर एकटे उरले. औषध अडवणाऱ्यालाच पुढची व्यवस्था बघावी लागते हे त्यांच्या जरा उशिराच लक्षात आलं. दहा मिनिटांनी ते जुन्या टॉवेलात मांजर गुंडाळून जिना चढताना दिसले. "तात्पुरती आहे," मला बघून ते म्हणाले. मी काही विचारलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ते प्राण्यांच्या डॉक्टरांकडे गेले. मला सोबत घेतलं. मांजर मात्र घरी ठेवली. नौपाड्याच्या दवाखान्यात चाळीस वर्षं निम्मे पेशंट घरीच असायचे. कुणीतरी यायचं, "आईला कालपासून जुलाब होतायत" म्हणून सांगायचं आणि बाटली भरून घेऊन जायचं. काकांनी त्याच पद्धतीने फुलस्केप कागदावर लक्षणं लिहून नेली होती, वेळेसकट.

डॉक्टर सायली तिशीच्या आतली, हसरी मुलगी. तिने तो कागद आदराने वाचला आणि विचारलं, "पण काका, पेशंट कुठाय?"

"घरी आहे. उठून येण्यासारखी परिस्थिती नाही."

"अहो, मी बघितल्याशिवाय कसं लिहून देणार?"

हे वाक्य ऐकून काकांचा चेहरा उजळला. आपण योग्य माणसाकडे आलो याची त्यांना खात्री पटली. लगेच रिक्षा करून आम्ही परत गेलो आणि मांजर आणली, प्लास्टिकच्या वायरने विणलेल्या बाजाराच्या पिशवीतून, वर टॉवेल बांधून. मांजर न्यायचे पिंजरे काकांनी दुकानात बघितले होते आणि किंमत ऐकून दुकानदाराला "यात मांजर पण मिळतं का?" असं विचारलं होतं.

काउंटरवरच्या मुलीने नाव विचारलं.

"नाव नाही. आमची ओळख कालची आहे," काका म्हणाले.

"काहीतरी सांगा ना काका, त्याशिवाय कॉम्प्युटर पुढे जात नाही."

"मनी लिहा मग."

मुलीने लिहिलं, मनी तिरोडकर. काका "अहो, आडनाव..." म्हणेपर्यंत कागद छापूनही आला. फोन नंबर त्यांनी मेधाचा दिला, कारण स्वतःचा त्यांना पाठ नव्हता. याचा परिणाम असा झाला की चार दिवसांनी मेधाच्या फोनवर मेसेज गेला की मनी तिरोडकर यांची पुढची तपासणी बाकी आहे. तिने बाबांना फोन न करता आधी मला केला. "खरं सांग, बाबांनी काही... म्हणजे मला चालेल गं, पण निदान सांगायचं तरी!" मी मनीचं वय आणि वजन सांगितल्यावर ती खूप वेळ हसली, आणि मग थोडी रडलीही.

वजन एक किलो नऊशे भरलं होतं. डॉक्टर सायलीने सर्दीचा मोठा संसर्ग आहे, नाक चोंदलंय म्हणून वास येत नाही आणि वास येत नाही म्हणून खात नाही, असं समजावून सांगितलं. रक्त तपासायला हवं, दोन-तीन दिवस ठेवून घेतलेलं बरं, असंही म्हणाली. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं. त्यांना पेन्शन नव्हती. साठवलेल्यातून चालायचं, आणि मेधाकडे मागायचं नाही हा त्यांचा जुना बाणा होता.

"घरी करण्यासारखं जेवढं आहे तेवढं सगळं लिहा," ते म्हणाले. "तेवढं मी चुकवणार नाही."

तिने लिहिलं. रस्त्यावरची आहे म्हणून तपासणीचे पैसे घेणार नाही म्हणाली, तर काकांनी ऐकलं नाही. "आमचे डॉक्टर म्हणायचे, फुकट औषधाला पेशंट हयगय करतो." निघता निघता मी सावंत वहिनींच्या गोळीचं सांगितलं. डॉक्टर सायलीचं हसू मावळलं. "माणसांची तापाची गोळी? बापरे, नशीब दिली नाहीत. पाव तुकड्यानेसुद्धा मांजर जातं." तिथे काकांनी केसपेपरची फक्त घडी करून खिशात ठेवली. घरी आल्यावर मात्र तळमजल्यावर उभं राहून त्यांनी केसपेपर आख्खा मोठ्याने वाचून दाखवला. सावंत वहिनींचं दार बंद होतं, पण टीव्हीचा आवाज एकदम कमी झाला.

मग काकांच्या गॅलरीत वॉर्ड सुरू झाला. खोका, खाली जुने पेपर, कोपऱ्यात गरम पाण्याची बाटली मोज्यात घालून. डोळे कोमट मिठाच्या पाण्याने पुसायचे, प्रत्येक डोळ्याला वेगळा कापूस. दुपारी बाथरूममध्ये कढत पाण्याची बादली ठेवून, दार लावून, काका आणि मनी दोघंही दहा मिनिटं वाफ घेत बसायचे. "पेशंटच्या आधी माझं नाक मोकळं झालं," त्यांनी मला कळवलं. स्टेशनबाहेरच्या कोळणीकडून ते माशांची डोकी आणायचे, बिनमिठाची उकडायचे, मनीच्या नाकापुढे धरायचे. ब्लडप्रेशरमुळे काकांनाही मीठ बंदच होतं, त्यामुळे दोघांचं एका भांड्यात भागायचं. भांडं कुणासाठी चढवलंय हे त्यांनी कधी स्पष्ट केलं नाही.

गोळी म्हणजे खरा प्रसंग असायचा. दुकानात मिळत होती त्या गोळीचे वजनाच्या हिशेबाने सहा भाग करायचे होते. काकांनी काचेच्या तुकड्यावर ब्लेडने ते असे केले की मला त्यांच्यात फरक सांगता आला नसता. त्यांचा दवाखान्यातला पांढरा कोट कपाटातून बाहेर निघाला. तो काका स्वतः घालायचे नाहीत, मांजराला घालायचे. तिला त्यात गुंडाळून बाह्यांची गाठ मारली की फक्त डोकं बाहेर राहायचं. मी डोकं धरायचं, काकांनी तोंडात गोळी टाकायची आणि वर सिरिंजने पाणी सोडायचं, कारण डॉक्टरने "गोळी घशात अडकता कामा नये" असं लिहिलं होतं. मनी ती गोळी गालात धरून आम्ही बेसावध झाल्यावर थुंकायची. "थुंकणारे पेशंट नौपाड्यातही असायचे," काका म्हणायचे, "पण ते निदान घरी जाऊन थुंकायचे."

चार दिवसांनी वजन कळवायचं होतं, म्हणजे डोस ठरवता आला असता. रिक्षाचे जाऊन येऊन पैसे वाचावेत म्हणून काकांनी जवळच सोय बघितली. वाण्याने काट्यावर मांजर ठेवू दिली नाही. रद्दीवाल्याने दिली. रविवारी सकाळी पिशवीसकट मनी त्याच्या लटकत्या काट्याला लागली, पिशवीचं वजन वेगळं करून वजा झालं, आणि काकांनी कागदावर आकडा लिहिला. एक किलो चारशे.

मी तो माझ्या फोनवरून डॉक्टर सायलीला पाठवला. मिनिटभरात तिचा फोन आला. मी स्पीकरवर टाकला.

"काका, नीट बघितलंत ना? चार दिवसांत अर्धा किलो म्हणजे पाव मांजर गेलं हो! हे खूप सिरियस आहे. आजच ठाण्याला ॲडमिट करायला लागेल, सलाइन, ब्लड टेस्ट, सगळंच. खर्च बराच होईल, मी आधीच सांगते. आणि खरं सांगू का, इतकं उतरल्यावर वाचेलच असं नाही सांगता येत. तुम्हाला झेपणार नसेल तर उद्या सकाळी घेऊन या. मी इंजेक्शन देते. त्रास नाही होणार तिला."

फोन बंद झाला. काका खुर्चीत बसून होते, कागद मांडीवर.

"अगं," ते म्हणाले, "कागद म्हणतोय ही मरतेय. तू जरा बघ."

मी गॅलरीत बघितलं तर खोका रिकामा. मनी फ्रिजवर होती. पुढचा पाय लांब करून तो निवांतपणे चाटत होती. डोळे दोन्ही उघडे, एक जरा लाल. सकाळची माशाची वाटी लख्ख होती.

"काका, मरणारं मांजर फ्रिजवर चढत नाही," मी त्यांच्याकडे वळून म्हटलं.

"फ्रिजवर चढलं हे केसपेपरवर कुठल्या रकान्यात लिहायचं?"

"लिहायचं कशाला? दिसतंय की!"

"दिसतं ते काहीही दिसतं." मग ते बोलू लागले. नौपाड्यात नोकरीला लागून दोन-तीन वर्षंच झाली होती. डॉक्टर व्हिजिटला बाहेर गेलेले. एक मुलगी वडिलांचं औषध घ्यायला आली, शाळेच्या गणवेशात. बाटली घेताना म्हणाली, बाबा बरे होतील ना? "मी म्हटलं, होतील की! का नाही होणार? ती हसत गेली. आठवड्याने ती बाटली परत करायला आली. आमच्याकडे बाटलीचं डिपॉझिट असायचं. धुऊन आणली होती. मला काही बोलली असती तर बरं झालं असतं. काहीच बोलली नाही. पैसे घेतले आणि गेली." ते कागदाची घडी घालत होते आणि उलगडत होते. "तेव्हापासून मी कोणाला काही सांगत नाही. ज्याने लिहिलं त्याने सांगावं."

सासूबाईंवरून मी या माणसाला मनातल्या मनात किती नावं ठेवली होती ते मला आठवलं आणि लाज वाटली.

आता त्यांच्यापुढे सरळ तीन रस्ते होते. ठाण्याचा रस्ता त्यांच्या कुवतीबाहेरचा होता. दुसरा उद्या सकाळचा. आणि तिसऱ्या रस्त्यावर कुणाची सही नव्हती. ते उठले, फ्रिजपाशी गेले, आणि ज्या हाताने सासूबाईंचं कपाळ बघितलं होतं त्याच हाताने मनीच्या बरगड्या चाचपल्या. हिरड्या बघितल्या. मनीने त्यांच्या बोटाला हलकेच दात लावले.

"दुपारच्या गोळीची वेळ होत आली," ते म्हणाले. "कोट आण."

"म्हणजे ठाण्याला नाही न्यायचं?"

"नाही. आणि उद्या इंजेक्शन पण नाही. हाच डोस चालू ठेवायचा." मग ते मनीकडे बघत, अगदी हळू म्हणाले, "जगेल ही." बोलून झाल्यावर त्यांनी दाराकडे बघितलं, जणू आतून डॉक्टर बाहेर येऊन रागावणार होते.

सोमवारी सकाळी आम्ही डॉक्टर सायलीकडे गेलो. न जाताही चाललं असतं, पण तिचं न ऐकणं तिला तोंडावर सांगायला हवं, असं काकांचं म्हणणं पडलं. तिने टेबलावर इंजेक्शनची तयारी ठेवली होती. आमच्याकडे न बघताच तिने मनीला काट्यावर ठेवलं. काट्याने दोन किलो पन्नास ग्रॅम दाखवले. तिने मनीला उचलून काटा शून्यावर आणला, परत ठेवलं. दोन किलो पन्नास.

"काका," ती म्हणाली, "काल वजन कुठे केलेलं?"

"आमच्या रद्दीवाल्याकडे."

आधी तिला कळलंच नाही. मग कळलं. ती स्टुलावर बसली आणि इतकी हसली की आतून तिचे दोन मदतनीस बघायला आले, आणि मग तेही हसायला लागले. मी पण. फक्त काका आणि मनी गंभीर होते.

"तीस वर्षं," काका म्हणाले, "तीस वर्षं त्या काट्यावर मी पेपर घातलेत."

येताना रिक्षात मनीची पिशवी त्यांच्या मांडीवर होती. पुलाच्या अलीकडे म्हणाले, "म्हणजे काल मी बरोबर होतो."

"हो काका. अगदी बरोबर."

थोडं पुढे गेल्यावर म्हणाले, "आणि नसतो तर?" मनी पिशवीत ओरडत होती.

रद्दीवाल्याकडे ते त्याच संध्याकाळी गेले. भांडण बघायला मिळेल म्हणून सावंत वहिनीही मुद्दाम कोथिंबीर आणायला निघाल्या. काकांनी शांतपणे सांगितलं की तुमच्या काट्याने काल एक पेशंट मारला असता. रद्दीवाला मनापासून दुखावला. "काका, बिल्ली का ऐसा इलाज का मामला है, पहले बोलना था ना! मैं दूसरा काटा निकालता." आणि त्याने खरोखरच गल्ल्याखालून दुसरा काटा काढून दाखवला. तो बरोबर होता. तो त्याचा स्वतःचा माल पुढे विकायचा काटा होता.

या शोधाने आमच्या बिल्डिंगमध्ये जी खळबळ उडाली ती मनीच्या आजारपणाने उडाली नव्हती. मांजर जगली का हे विचारायला दोघंजण आले; रद्दीचं काय ठरलं हे विचारायला एकोणीस. सोसायटीच्या सभेत आधीच्या वर्षांच्या रद्दीबद्दल खेद व्यक्त करण्यात आला. शेवटी "मांजराचा काटा" वापरण्याच्या अटीवर रद्दी त्याच दुकानात घालायचं ठरलं, कारण दुसरा रद्दीवाला रस्ता ओलांडून होता.

मनी बरी झाली आणि पुढच्या आठवड्यात निघून गेली. दार उघडं होतं, ती जिना उतरली, मागे बघितलं नाही. ती पुन्हा सापडली ती स्टेशनबाहेर, कोळणीच्या पाटीशेजारी, राणीसारखी बसलेली. काका पुढे उभे राहिले तर तिने त्यांच्या पायांमधून पलीकडचं गिऱ्हाईक बघितलं. मला वाईट वाटलं. काकांना नाही. "बरा झालेला पेशंट दवाखान्यासमोरून मान खाली घालून जातो. त्याला आजारपण आठवतं. तसंच पाहिजे." तरीही बोंबील आणायला ते दररोज जाऊ लागले, आणि इतके बोंबील एकटा माणूस खात नाही.

बाकी काका होते तसेच राहिले. चिठ्ठ्या वाचायचे, अर्थ सांगायचे नाहीत. फक्त वाचून झाल्यावर चिठ्ठीवरून नजर उचलून आपल्या चेहऱ्याकडे क्षणभर जास्त बघायचे. काय दिसलं ते सांगायचे नाहीत. सासूबाईंनी हे बरोबर टिपलं, आणि त्यांचा रुसवा मग कमी झाला.

गेल्या वर्षी काकांचं पोट बिघडलं, जेवण तुटलं, तपासण्या झाल्या. मेधा येऊन त्यांना पुण्याला घेऊन गेली. ज्या दिवशी ते निघाले त्या दिवशी दुपारी मी खाली उतरले. गाडी फाटकापाशी होती, मेधा डिकीत बॅगा लावत होती. काका रिपोर्टची जाड फाइल काखेत घेऊन सावलीत उभे होते. शर्ट नवा असून दोन माणसांचा वाटत होता.

"वाचली का सगळी?" फाइलीकडे बघून मी विचारलं. काहीतरी बोलायचं म्हणून.

"वाचली. सगळं छापील असतं हल्ली. वाचायला कौशल्य लागत नाही." मग फाइल त्यांनी गाडीच्या टपावर ठेवली, माझ्यापुढे नीट उभे राहिले, हात बाजूला सोडून. "त्यात काय आहे ते राहू दे. तू डोळ्यांनी बघून सांग. मी कसा दिसतोय?"

डिकीतला आवाज थांबला. त्यांच्या डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा झाला होता, गळ्याशी दोन बोटं जातील एवढी कॉलर सुटली होती.

"छान दिसताय काका," मी टपावरच्या फाइलीकडे बघत म्हटलं. "पुण्याची हवा चांगली आहे, महिन्याभरात सुधाराल."

काका रागावले नव्हते. माझ्या खांद्यावर त्यांनी हात ठेवला.

"मांजराचं सांगताना," ते म्हणाले, "तू माझ्याकडे बघून बोललेलीस."

मग त्यांनी फाइल उचलली आणि मेधाचा हात धरून गाडीत बसले.